एका दिव्याची गाडी

फाट्यावरची वस्ती, मुरुम रोड
रविवार, सकाळ

प्रिय बालाजी,

हल्ली पोस्टानं पत्र आलं की माणूस आधी घाबरतो, हे मला ठाऊक आहे. पण फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की दोन निळ्या रेघा उमटतात, म्हणजे वाचलंस, आणि पुढं सगळं सामसूम. म्हटलं, कागद बरा. वाचलास की चुलीत घातलास, हे मला कळायचं नाही आणि तुझ्या मानेवर ओझंही नाही. भिवंडीचा पत्ता शेजारच्या सिद्रामप्पांच्या पुतण्याकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस, मीच हात धुऊन त्याच्या मागं लागले होते. तू तिथं गोदामात खोकी उचलतोस, आणि गाडीला हात लावायचा म्हटलं तर बाजूला होतोस, हेही त्यानंच सांगितलं. ऐकून वाईट वाटलं, आणि रागही आला. दोन्ही लिहून टाकते, कारण पोटात एक आणि ओठात एक हे मला कधी जमलं नाही.

इकडची खुशाली सांगण्यासारखी नाही, पण सांगते. मायचं वर्षश्राद्ध झालं. पानं मांडली तेव्हा आबांनी तुझंही पान मांडायला लावलं आणि जेवणं उरकेपर्यंत त्यावर कुणाला बसू दिलं नाही. मेंढरं आता नाहीत, त्यांनी सगळी देऊन टाकली. मेंढरं कोंडायच्या जाळ्या छपराला टांगल्यात, त्यात चिमण्यांनी घरटी केलीत. मी नळदुर्गची खोली सोडून वस्तीवर राहायला आले. सकाळच्या एसटीनं कॉलेजला जाते, अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते, संध्याकाळच्या एसटीनं परत येते. आबा जेवतात, पण वाढलं तेवढंच. बोलतात, पण विचारलं तेवढंच. तू कधी येणार, एवढा एकच प्रश्न या घरात उरलाय आणि तो आम्ही दोघंही एकमेकांना विचारत नाही.

तुला कुर्डुवाडीचं लग्न आठवतं का? तू लहान होतास, मी सातवी-आठवीत असेन. सोलापूर स्टेशनात आपण गाडीत बसलो होतो, माय खिडकीशी, आणि आबा पाणी भरून आणायला खाली उतरले होते. शेजारच्या रुळावरची गाडी हलली आणि तू भोकाड पसरलंस, आबा राहिले, आबा राहिले म्हणून. अख्खा डबा हसायला लागला. मीही आधी घाबरलेच होते, पण तू रडतोयस म्हटल्यावर मला शहाणं व्हावं लागलं. तेवढ्यात आबा आले, तुझं डोकं धरून दुसऱ्या खिडकीकडं वळवलं आणि म्हणाले, "फलाटाकडं बघ लेका. फलाट हलतोय का? न्हाय ना? मग आपुन हितंच हाय." पुढं कॉलेजात सापेक्ष गती शिकले, तेव्हा एवढ्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नाही. आजही पोरांना तीच गोष्ट सांगते. रडणाऱ्या पोराचं नाव तेवढं बदलते, तुझी अब्रू राखलीय.

आता आबांचं सांगते. तू गेल्यावर दोन-तीन महिने त्यांनी त्या दिवसाचं नावही काढलं नाही. मग एकदा जेवताना घास हातात धरून विचारलं, "दैवू, बॅटरीचा उजेड पोचायला किती वेळ लागतो गं?" मी सहज सांगून गेले की काहीच लागत नाही, पातं लवायच्या आत उजेड सगळ्या पृथ्वीला फेरा मारून येतो. त्यांनी घास ताटात ठेवला. म्हणाले, "म्हंजे पोचला व्हता." मग माझ्या लक्षात आलं की ते कुठल्या उजेडाविषयी विचारत होते. तिथून सुरू झालं. कधी रोज, कधी चार दिवसांआड, पण जेवताना एक तरी प्रश्न. बाप अंगठेबहाद्दर, लेक फिजिक्सची मास्तरीण, आणि मधे भाकरी गार होतेय.

तुला ती संध्याकाळ मी सांगावी असं काही नाही. पण तू फक्त स्टेअरिंगमागून बघितलीस, आबांनी रस्त्यावरून बघितली, आणि मी दोघांकडून तुकड्यातुकड्यानं ऐकली. दोन्हीकडचं एका जागी अजून कुणी मांडलेलं नाही, म्हणून मांडते. दिवे लागले होते. कारखाना चालू, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला. मेंढरं सिद्रामप्पांच्या रानातून काढून पलीकडच्या रानात बसवायची होती. आपल्या घरात रस्ता ओलांडायची एकच रीत, आजोबांपासूनची. एकानं रस्त्याच्या मधोमध बॅटरी घेऊन उभं राहायचं, गाडी थांबली की हाक द्यायची, आणि हाक आल्याशिवाय दुसऱ्यानं मेंढरू डांबरावर घालायचं नाही. आबा मधी उभे राहिले. माय मेंढरं घेऊन कडेला, मातीच्या पट्टीवर थांबली. अंगावर काळी घोंगडी, पुढं काळी मेंढरं. तू सोलापूरला टोमॅटो उतरवून रिकामी पिकअप घेऊन येत होतास. आबांनी उजेड थेट तुझ्यावर धरला. तुला एक दिवा दिसला. तू गाडी डावीकडं खाली, त्याच मातीच्या पट्टीवर घेतलीस.

पोलिसांनी तुला गाडीचा वेग विचारला, दारू विचारली, मोबाईल विचारला. गाडी खाली का घेतलीस, हे विचारलं तेव्हा तू म्हणालास, ट्रॅक्टर वाटला. जबाब घेणारा शहराकडचा असेल नाहीतर कुठला, त्यानं तुझ्याकडं असं बघितलं की एका बॅटरीचा ट्रॅक्टर कसा वाटतो बाबा. पण आपल्या भागात हंगामात रात्रीची गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारावं. निम्म्या ट्रॅक्टरांचा एकच दिवा चालतो. तो दिवा उजवा की डावा ते कळत नाही, आणि त्याच्यामागं दोन ट्रॉल्या अंधारात रस्ता खात येत असतात. एक दिवा दिसला की आपला माणूस विचार करत नाही, गाडी मातीवर उतरवतो. तसं करून किती जण वाचलेत, आणि न केल्यानं काय झालं, ते फाट्यावरच्या चहावाल्यालाही पाठ आहे. हे तुला कुणी शिकवलं, तेही मला माहीत आहे. तू नवा नवा गाडी शिकत होतास तेव्हा आबा शेजारी बसायचे. त्यांना स्वतःला सायकलही येत नाही, पण हुकूम सोडायला कमी नाही. मी मागं बसून ऐकलंय. "येक डोळा दिसला की खाली घ्यायची. ट्याक्टर हाय असंच समजायचं. समजून चुकलास तरी जित्ता ऱ्हाशील."

बालाजी, दोन्ही रीती बरोबर होत्या. मधी उभं राहायची आणि खाली उतरायची. दोन्ही आपल्याच घरातल्या, दोन्ही जीव वाचवायच्या, आणि त्या संध्याकाळी त्या एकाच जागी आल्या. तू उजेडाला वाचवलंस. मायजवळ उजेड नव्हता.

हे मला इतक्या सरळ कधी समजलं ते सांगते. भर वर्गात. बारावीच्या पोरांना शिकवत होते, फळ्यावर लिहिलं, प्रकाशाचा वेग हा प्रकाश देणारी वस्तू उभी आहे की धावते आहे यावर अवलंबून नसतो. हे वाक्य मी दरवर्षी लिहिते. चेंडूचं तसं नसतं, पळत्या गाडीतून फेकलेला चेंडू जोरात लागतो. उजेडाचं मात्र तसं नाही. उभ्या माणसाच्या बॅटरीतून निघालेला आणि धावत्या ट्रॅक्टरच्या दिव्यातून निघालेला, दोन्ही उजेड एकाच चालीनं तुमच्या डोळ्यापर्यंत येतात. एका पोरीनं विचारलं, मॅडम, मग नुसत्या उजेडाकडं बघून समोरचा उभा आहे की येतोय ते कळणारच नाही का? मी म्हटलं, ताऱ्यांच्या बाबतीत रंगावरून थोडंफार कळतं, त्याला यंत्रं लागतात. रस्त्यावर, अंधारात, सरळ समोरून, नाही कळत. आणि खडू हातात तसाच राहिला. पोरांना वाटलं मला चक्कर आली. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर आले आणि व्हरांड्यात उभी राहून रडले. वर्षभर मी मनातल्या मनात तुला एकच विचारत होते, तुला एवढं समजलं कसं नाही रे, की कुणीतरी उभं आहे. उत्तर माझ्याच पुस्तकात होतं, आणि मी ते पोरांकडून पाठ करून घेत होते. म्हणून म्हणते, तुझ्या जागी मी असते तर मलाही समजलं नसतं. दुसऱ्या भागातला कुणी असता तर ब्रेक मारून थांबला असता, की सरळ येऊन त्यानं आबांना उडवलं असतं, ते मला माहीत नाही. त्याबद्दल खोटं सांगून तुझं समाधान करणार नाही.

आबांना हे सांगितलं. त्यांना पटलं नाही, किंवा पटवून घ्यायचं नव्हतं. ते म्हणाले, "त्यो उजेडाकडं यीत व्हता. म्या मेंढराकडं चाललो अन् मेंढरू माज्याकडं आलं तर लवकर गाठ पडंल का न्हाय?" मी म्हटलं, पडंल आबा, गाठ लवकर पडंल. पण गाडीतल्या माणसानं उजेडाची चाल मोजली तर तेवढीच भरते. गाडी उजेडाकडं जाऊ दे, नाहीतर उजेडापासून लांब पळू दे, चाल तीच. ते म्हणाले, "मग त्येचं माप खोटं आसंल." मी म्हटलं, मोठमोठ्या लोकांनाही आधी तसंच वाटलं होतं. मग त्यांना कबूल करावं लागलं की माप खोटं नाही, पळणाऱ्याचा वेळच वेगळा चालतो. खरं सांगू का, हे मी शिकवते, गणितं सोडवून दाखवते, पण मनातून अजून माझीही त्याच्याशी झटापट चालूच आहे. उभ्याचा वेळ एक आणि पळणाऱ्याचा एक, हे कागदावर सुटतं आणि अंथरुणावर पडलं की पुन्हा अडतं.

आबांनी मात्र ते चटकन धरलं. माझा हात धरावा तसं. "वेळ बदलतो व्हय?" म्हणाले. मी म्हटलं, बदलतो. "बालाजीचा येगळा अन् माजा येगळा?" मी म्हटलं, हो. "मग मधी वेळ व्हता का गं? हाक मारायला? तिला मागं वडायला?" त्यांच्या डोळ्यांत एवढी आशा मी माय गेल्यापासून बघितली नव्हती. आणि मला, त्यांच्या लेकीला, ती मोडावी लागली. मी सांगितलं की पिकअपच्या वेगाला तो फरक इतका बारीक असतो की सगळ्या जन्माचा गोळा केला तरी हाताला लागायचा नाही. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "म्हंजे न्हायच." मी म्हटलं, नाहीच आबा. त्यांनी हात धुतला. त्यानंतर आजतागायत त्यांनी उजेडाविषयी काही विचारलेलं नाही. मी खोटं बोलायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. तूच सांग, तू आपल्यात व्यवहारी.

दिवाळी झाल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती तुला कळलीच पाहिजे, कारण ती तुझी आहे. एवढे दिवस त्यांनी ती पोलिसांना नाही, मला नाही, कुणालाच सांगितली नव्हती. गाडी लांबच होती, नुसता आवाज येत होता, आणि मागं कडेला उभी असलेली माय बोलली, "बालाजीची गाडी हाय बगा ही." तिला तुझ्या गाडीचा आवाज ओळखू यायचा. आपण तिची किती टिंगल करायचो, आठवतं ना? शंभर पिकअपांत तिला तुझी कळायची, आणि तू दारात येईपर्यंत तव्यावर भाकरी पडलेली असायची. तर ती तसं बोलली, आणि मेंढरं सोडून दोन पावलं पुढं आली. आबा म्हणतात, ती गाडी खाली उतरताना बघूनही बाजूला झाली नाही. तिला वाटलं, तू तिला बघून गाडी कडेला घेतोयस. तू थांबायलाच येतोयस. आबांनी हे एका दमात सांगितलं आणि म्हणाले, "ती भ्याली न्हाय. येवढं त्येला सांग." म्हणून सांगते. यानं तुला बरं वाटेल की आणखी वाईट, मला कळत नाही. मला दोन्ही वाटलं. पण मेलेल्या माणसाचं शेवटचं बोलणं ज्याचं त्याला पोचवावं, ते मधेच अडवून धरायचा हक्क मला नाही.

तू तिकडं बसून म्हणत असशील, आबा तोंड बघणार नाहीत. तेरव्याला ते तुझ्याशी बोलले नाहीत, म्हणून तू पहाटेच निघून गेलास. अरे, त्यांना वाटत होतं की तूच त्यांचं तोंड बघणार नाहीस. रीत त्यांनी शिकवली, आणि बॅटरीही त्यांच्याच हातात होती. पोलिसांत त्यांनी सांगितलं होतं, पोराची चूक न्हाय, उजेड माजा व्हता. तू समजतोस आबा तुझ्यापासून लांब गेले. आबा समजतात तू त्यांच्यापासून लांब गेलास. दोघंही आपापल्या खिडकीतून दुसऱ्याची गाडी हलताना बघताय, आणि फलाटावर मी एकटी उभी आहे. मी सांगते, आबा हललेले नाहीत.

आता हे पत्र का लिहिलं ते लिहिते. एवढं सगळं लिहून तेच टाळत होते. दिवस मावळला की आबा फाट्यावर जातात, हे मला ठाऊक होतं. वाटायचं, मायच्या जागेशी घटकाभर बसून येत असतील, येऊ देत. परवा सिद्रामप्पांनी त्यांना दंडाला धरून घरी आणलं. आबा बसत नाहीत, बालाजी. रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, मेंढरं ओलांडताना राहायचे तसेच, हायवेकडं तोंड करून. उसाची ट्रॉली त्यांच्या सदऱ्याला घासून गेली. हातात बॅटरी नसते. ती फळीवर आहे, सेल त्यांनी कधीच काढून टाकलेत. मी ओरडले, रडले, पाया पडले. ते शांतपणे म्हणाले, "उजेड दिसला की मानसाचं चुकतंय दैवू. अंधारात म्या हाय तेवढाच दिसंन. बालाजी ह्याच रस्त्यानं यील. त्यो आला की हाटतो." माझी एसटी फाट्यावर पोचते तेव्हा अंधार पडलेला असतो, आणि रोज त्या वळणावर मी ड्रायव्हरला हळू घ्या, हळू घ्या म्हणत दारात उभी असते. बापाला कडी लावून कोंडायचा माझा हात होत नाही, आणि माझ्या सांगण्यानं ते रस्त्यावरून खाली उतरत नाहीत, कारण ते माझी वाट बघत नाहीत. तू ये. काही बोलू नकोस, नुसतं त्यांना हाताला धरून खाली घे. दिवसाउजेडी पोचशील असा नीघ. उशीर झालाच, तर हायवे सोडल्यावर गाडीवाल्याला फाट्याच्या बऱ्याच अलीकडं थांबायला सांग आणि तिथून चालत ये. समोर एकही दिवा दिसणार नाही. आबा तिथं असतील.

तुझीच,
अक्का